सही करण्याआधीचे तीन दिवस

गेल्या डिसेंबरात श्रीरामपूरहून चुलत बहिणीचा फोन आला. एका हाउसिंग फायनान्स कंपनीच्या ऑफिसात बसून ती हळू आवाजात बोलत होती. "भाईजान, फाइल तयार आहे. साहेब म्हणतात आजच सही केली तर बरं, महिनाअखेर आहे. करून टाकू?"

मी विचारलं, कर्ज किती? चौदा लाख. हप्ता किती? तोही तिने सांगितला. मग विचारलं, या चौदा लाखांपैकी बिल्डरच्या खात्यात नक्की किती पडणार? पलीकडे शांतता. तिने साहेबांना विचारलं, साहेबांनी काहीतरी उत्तर दिलं, आणि ती म्हणाली, "चौदाच म्हणतात. बाकी चार्जेस आत ॲडजस्ट केलेत."

"आत ॲडजस्ट केलेत" हे शब्द मी याआधी ऐकले होते. २०१९ मध्ये, नगरमध्ये, माझ्याच कर्जाच्या वेळी. म्हणून तिला म्हटलं, आज सही करू नकोस. फाइलचे फोटो पाठव आणि घरी जा.

आधी माझं सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःचा वेडेपणा सांगितलेला बरा. मी बी.कॉम. झालेला माणूस. एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघतो. डिझेलच्या बिलात चाळीस रुपयांचा फरक आला तर ड्रायव्हरला उभा करतो. आणि याच माणसाने वीस लाखांच्या गृहकर्जाच्या फाइलवर पंचवीस-तीस ठिकाणी सह्या केल्या त्या एकही पान न वाचता. शेजारी अब्बा बसले होते. ते म्हणाले, "कर दे बेटा, नमाज का वक्त हो रहा." मलाही तिथून लवकर उठायचं होतं.

का उठायचं होतं, ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. मला लाज वाटत होती. व्याजाचं कर्ज घेतोय ही लाज. घरात वर्षभर यावर वाद झाला होता. मामूंनी सांगितलं होतं की भाड्याने राहा पण व्याजात पडू नका. दुसऱ्या एका नातेवाइकाने कुठल्याशा आलिमचा हवाला देऊन, राहायला घर ही जरूरत आहे, असं समजावलं होतं. शेवटी घेतलं. पण घेताना असं घेतलं, जसं एखादा माणूस अंधारात नको त्या दुकानातून काहीतरी विकत घेतो. भाव विचारत नाही, पावती मागत नाही, पुडी खिशात घालून निघतो.

व्याज योग्य की अयोग्य हा निकाल मी इथे देणार नाही. ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे, अभ्यासाप्रमाणे ठरवावं. माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्यातली अनेक घरं शेवटी कर्ज घेतात, आणि घेताना त्या लाजेपोटी गप्प राहतात. या गप्प राहण्याची किंमत रुपयांत मोजता येते. मी मोजली आहे.

माझ्या कर्जाचा दर ८.७५ टक्के, मुदत वीस वर्षं. वीस लाखांवर हप्ता बसायला हवा होता १७,६७४ रुपये. माझा हप्ता होता १८,४१६. हा ७४२ रुपयांचा फरक माझ्यासारख्या हिशेबनीसाला दीड वर्ष दिसला नाही. एकदा स्टेटमेंट काढलं तेव्हा मुद्दल वीस लाखांऐवजी २०,८४,००० दिसलं. वरचे ८४ हजार म्हणजे एका विमा पॉलिसीचा एकरकमी हप्ता. तो कर्जात मिळवून टाकला होता, आत ॲडजस्ट केला होता. म्हणजे विम्याचे पैसेही मी व्याजाने घेतले होते. ७४२ गुणिले २४० महिने करून बघा: १ लाख ७८ हजारांच्या वर. ८४ हजारांची वस्तू मी १ लाख ७८ हजारांना घेतली. आणि व्याज टाळावं म्हणून वर्षभर भांडणाऱ्या आमच्या घरात या जादा व्याजाबद्दल एक शब्द निघाला नव्हता.

त्याशिवाय प्रोसेसिंग फी एक टक्का, म्हणजे वीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३,६००. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशनचे ६,४००. हे तीस हजार रोख गेले. हे सगळं धरून हिशेब मांडला तर ८.७५ टक्क्यांचं माझं कर्ज प्रत्यक्षात साडेनऊ टक्क्यांच्या थोडं वरच पडलं होतं. मला ८.७५ सांगणारा माणूस खोटं बोलला नव्हता. मी दुसरा आकडा विचारला नव्हता, इतकंच.

विमा वाईट असतो असं कृपया समजू नका. कमावता माणूस गेला तर घर वाचावं, ही सोय चांगलीच आहे. पण गृहकर्जासोबत जीवनविमा घ्यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, विमा नियामकाचाही नाही. घ्यायचा असेल तर बाहेरून साधा टर्म प्लॅन घेता येतो, दरवर्षी वेगळा हप्ता भरून. मला कुणी "सक्तीचा आहे" असंही म्हणालं नव्हतं. फक्त तो कागद सह्यांच्या गठ्ठ्यात होता.

आता बहिणीकडे परत येतो. तिच्या आणि माझ्या कर्जात एक मोठा फरक होता, आणि तो तिला माहीत नव्हता. मधल्या काळात नियम बदलले होते. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला एक परिपत्रक काढलं. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जासाठी, त्यात गृहकर्ज आलंच, कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. मुख्य गोष्टींचं पत्रक म्हणा. राष्ट्रीयीकृत बँक असो, खासगी असो, नागरी सहकारी किंवा जिल्हा बँक असो की हाउसिंग फायनान्स कंपनी, सगळ्यांना हे लागू आहे.

या पत्रकात काय असतं ते नीट लक्षात ठेवा. कर्जाची रक्कम, मुदत, हप्ता, दर स्थिर की बदलता, बदलता असेल तर कशाला जोडलेला. मग बँक स्वतः घेते त्या फी आणि बँकेमार्फत दुसऱ्या कुणाला जातात त्या फी (विमा, वकील, व्हॅल्युअर) वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. हप्ता चुकला तर दंड किती, मुदतीआधी फेडलं तर काही द्यावं लागेल का, तेही. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे एपीआर, वार्षिक टक्केवारी दर. व्याज आणि या सगळ्या फी एकत्र करून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं ते सांगणारा. जो आकडा मी दीड वर्षानंतर रविवारी दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन काढला, तो आता त्यांनीच सहीआधी लिहून द्यायचा असतो.

त्याच परिपत्रकात आणखी तीन गोष्टी आहेत, त्या मला आकड्यांपेक्षाही मोलाच्या वाटतात. पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं आणि त्याला समजावून सांगायला हवं. पत्रक दिल्यानंतर किमान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी तशाच राहायला हव्यात, म्हणजे घरी नेऊन विचार करायला वेळ. आणि पत्रकात न लिहिलेली कोणतीही फी पुढे कर्जाच्या मुदतीत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

बहिणीने पाठवलेल्या फोटोंत पत्रक होतं, पण इंग्रजीत, आणि बाकी कागदांच्या खाली. दुसऱ्या दिवशी तिने मराठीत मागितलं. साहेब म्हणाले, "सगळे इंग्रजीतच करतात, मॅडम. तुम्ही शिकलेल्या दिसता." ती म्हणाली, "मी शिकलेली आहे, अम्मी नाही. सही तिचीही आहे." (हे उत्तर माझं नाही, तिचंच. मला सुचलं नसतं.) दोन दिवसांनी मराठी पत्रक आलं. मराठी कशी होती ते विचारू नका, पण आकडे स्वच्छ होते. मुद्दल चौदा लाख नव्हतं, १४,६१,००० होतं. ६१ हजार विम्याचे. प्रोसेसिंग फी दोन टक्के, जीएसटी धरून ३३,०४०. तोंडी सांगितलेला दर ११ टक्के. एपीआरच्या रकान्यात १२.०३.

तिने विमा काढायला सांगितला. उत्तर आलं, मग दर पाव टक्का वाढेल. आम्ही म्हटलं, तसं लेखी द्या, ईमेलवर. ईमेल काही आला नाही. आठवड्याने नवीन पत्रक आलं, दर ११ टक्केच, मुद्दल चौदा लाख, हप्ता सहाशे तीस रुपयांनी कमी, एपीआर ११.३६. प्रोसेसिंग फी मात्र एक रुपया कमी झाली नाही. तिथे आम्ही हरलो. पत्रक वाचलं म्हणून सगळं स्वस्त होतं असं नाही, पण काय घेतोय ते तरी कळतं.

चाचींच्या सहीचा विषय निघालाच आहे तर एक खटकणारी गोष्ट बोलून टाकतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे आपल्याकडे अम्मीच्या, बायकोच्या नावावर घर घेण्याची पद्धत वाढली आहे, आनंद आहे. पण मग कर्जातही तिचं नाव येतं. ती सहकर्जदार होते. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. हप्ते थकले तर सगळ्या रकमेला ती तितकीच बांधलेली असते. आणि आपण काय करतो? पान उलटून सहीच्या जागेवर बोट ठेवतो, "अम्मी, यहाँ." आत काय लिहिलंय हे तिला सांगायची गरज कुणालाच वाटत नाही, ना कंपनीला, ना मुलाला.

कर्जाचा कागद कर्जदाराला वाचून दाखवावा ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही, हे मला अलीकडे कळलं आणि मी चकित झालो. आमचा जिल्हा कागदावर अहिल्यानगर झाला, तोंडात अजून नगरच आहे. शाळेत 'दख्खनचे दंगे' एका परिच्छेदात शिकवले होते. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरुवात झाली आणि लोण लगेच नगर जिल्ह्यात पोचलं, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर तालुक्यांच्या गावांत. परीक्षेपुरतं एवढंच. पण त्या शेतकऱ्यांना काय हवं होतं ते बघा. बहुतेक ठिकाणी त्यांनी सावकाराकडे मागितले ते कर्जरोखे, आणि मिळाले की जाळले. सावकार कोणत्या जातीचे, कुठून आलेले, याच्या चर्चेत आपण अडकतो. ज्यांनी रोखे जाळले त्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं की दुखणं कागदात आहे. वाचता येत नसलेल्या माणसाने अंगठा उठवलेल्या त्या कागदात.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. त्या कायद्याने गावोगाव निबंधक नेमायची सोय केली. शेतकऱ्याचा कर्जरोखा त्याच्यासमोर लिहायचा, किती रक्कम खरोखर दिली ते पूर्ण नमूद करायचं, मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सही-अंगठा. शेतकऱ्याला पावती मागायचा हक्क, वर्षाचा हिशेब मागायचा हक्क, पासबुकात नोंद करून घ्यायचा हक्क. आता २०२४ चं परिपत्रक त्याच्या शेजारी ठेवा. मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली आहेत आणि मागणी तीच आहे: हातात किती दिले ते लिहा, आणि मला कळेल असं वाचा.

आपल्यातल्या ज्यांना व्याजाची बोच आहे त्यांच्यासाठी आणखी एक. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह बकराची २८२ वी, आणि ती आहे उधारीच्या व्यवहारावर. व्यवहार लहान असो की मोठा, मुदतीसकट लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा. आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने, त्याला जमत नसेल तर त्याच्या वतीने त्याच्या वलीने. आज नेमकं उलटं आहे. देणारा मजकूर सांगतो, आपण मान डोलावतो. व्याजाच्या आयती आपल्याला पाठ आहेत. लिहून घ्यायची आयत जुम्याच्या बयानात मी तरी एकदाही ऐकली नाही.

दुसऱ्या टोकाला एक फसगत आहे, तीही सांगायला हवी. 'बिनव्याजी', 'हलाल' हे शब्द ऐकले की आपण कागद मागतच नाही. बंगळुरूच्या आयएमए प्रकरणात २०१९ मध्ये हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली, ती याच विश्वासावर. सेवाशुल्क, प्रशासन शुल्क, भाडं, नाव काहीही असो, वर्षाला एकूण किती पैसे जातात हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

तरी सगळा दोष आपल्या लाजेला देणं अन्यायाचं होईल. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून कर्जाच्या बाबतीत हात आखडता घेतला. मोठ्या बँकेने फाइल परत केली की माणूस जास्त दराच्या कंपनीकडे जातो, तिथून पतसंस्थेकडे. तीन दारं फिरून चौथ्या दारी कर्ज मंजूर झालं की ते उपकारासारखं वाटतं. उपकार करणाऱ्याला फीचा तपशील कोण विचारतो? रिक्षावाला, गॅरेजवाला, ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, त्याला तर हमखास भीती, जास्त विचारलं तर मंजुरी रद्द करतील. ही भीती खोटी नाही. पण त्या तीन कामकाजाच्या दिवसांचा नियम याच भीतीवरचा उतारा आहे, तुम्ही विचार करताय म्हणून अटी बदलता येत नाहीत.

पतसंस्थेचं मात्र वेगळं आहे, सावध राहा. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, सहकार खात्याच्या येतात. हे पत्रक त्यांना बंधनकारक नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांची तक्रारही चालत नाही, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जावं लागतं. तिथे कर्ज घेताना हाच तपशील स्वतः मागून लेटरहेडवर घ्या.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. बदलत्या दराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे. हप्ता चुकला तर दंड आकारता येतो, पण एप्रिल २०२४ पासून तो व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. व्याज मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. गहाणाच्या नोटिशीचं मुद्रांक शुल्क हा सरकारी खर्च आहे, तो द्यावाच लागतो, पण ग्रास चलनाची पावती मागा, एजंटाने तोंडी सांगितलेला आकडा देऊ नका. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फोन १४४४८, फी नाही.

४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हापासून नगरचा माणूस ठेव ठेवताना दहा प्रश्न विचारतो. कर्ज घेताना तोच माणूस एकही विचारत नाही. आपल्या मोहल्ल्यांत बी.कॉम., एम.कॉम. झालेली पोरं कमी नाहीत. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, कुठेही रविवारी दोन तास, एखाद्या वाचनालयात किंवा क्लासच्या खोलीत बसून लोकांचे हे पत्रक वाचून द्यायला काय लागतं? एक टेबल आणि एक कॅल्क्युलेटर. कुणाला कर्ज घ्या म्हणायचं नाही, घेऊ नका म्हणायचं नाही. मी रविवारी मोकळा असतो.

बहिणीच्या सह्या जानेवारीत झाल्या. चाचींनी प्रत्येक पानावर विचारलं, "इसमें क्या लिखा है?" त्यामुळे वीस मिनिटांचं काम दीड तास चाललं आणि साहेबांचा डबा थंड झाला. आता ती बिल्डरचा करारनामा घेऊन बसली आहे. त्याची पानं चौसष्ट आहेत, आणि सोसायटीच्या खर्चाचं कलम एकेचाळिसाव्या पानावर.